बक्षिसाचं बटन

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. पहिल्यांदा वाटलं, परतूर लहान हाय, लोक लगेच ओळखतील. दुसऱ्यांदा वाटलं, ह्याच्यातलं सगळ्यात घाण काम तर मीच केलंय, ते आपल्या तोंडानं कशाला सांगा. मंग राजानंदला फोन लावला. लिहू का म्हणलं. तो म्हणला, लिही, पण मला बिचारा करू नको.

म्हणून लिहून राह्यलो. डोकं अजून तापलेलंच हाय.

मी मच्छिंद्र. बीएस्सी दुसऱ्या वर्षाला सोडली. कोडिंग मला कुणी शिकवलं न्हाई, मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो, हिंदीतले, अर्धे कळायचे, अर्धे चार-चार वेळा बघायचो. आता हॉटेलवाल्यांना क्यूआरवरून ऑर्डर घ्यायचं पेज बनवून देतो. ज्यांना म्हाईत न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. टेबलावर एक चौकोनी स्टिकर चिकटवलेलं असतं. गिऱ्हाईक बसलं की त्याच्यावर मोबाइल धरतं. मेनू उघडतो. प्रत्येक टेबलाचा कोड वेगळा, त्यामुळं पेजला आपोआप कळतं की हे सात नंबर हाय का बारा नंबर. ऑर्डर दाबली की किचनमधल्या मशीनमधून चिठ्ठी निघती, टेबल कोणतं, काय पायजे, तिखट किती. जेवण झालं की त्याच पेजवर बिल आणि बिलाखाली पैसे भरायचं बटन. दाबलं की यूपीआयचं ॲप उघडतं, रक्कम आधीच भरलेली, समोर पैसे कुणाला चालले त्याचं बँकेतलं नाव, खाली पिन टाकायची जागा. बास. वेटरला हाका मारायच्या न्हाईत, सुट्ट्यांची कटकट न्हाई.

बँकेतलं नाव. ते वाक्य मी आत्ता लिहून गेलो तसंच तवा पण डोळ्यासमोरून जाऊ दिल्तं.

हॉटेल कल्याणभाऊचं. परतूरच्या बाहेर, मंठ्याच्या रोडला. पुढं पाच-सहा लिंबाची झाडं, मागं त्यांचीच शेती. शेवभाजी, वांगं, पिठलं, भाकरी, असला मेनू. भाऊ आमच्या लांबच्या नात्यातले, आईकडून. पण मला तिथं काम नात्यानं न्हाई मिळालं, राजानंदनं मिळवून दिलं. राजानंद तिथं आचारी. दोन वर्षं झाले. आम्ही पाचवी ते बारावी एका वर्गात, गाव एकच. त्यांची घरं पाण्याच्या टाकीच्या पलीकडं, आमची अलीकडं. माझ्या घरात विठोबाचं कॅलेंडर, त्याच्या घरात बुद्धाचा फोटो. एवढा फरक मला म्हाईत होता. त्याच्यापुढचा फरक म्हाईत करून घ्यायची मला कधी गरजच पडली न्हाई. त्याला पडत असंल. मी विचारलं न्हाई.

भाऊ म्हणले, टेबलावर मोबाइलनं ऑर्डर घेतात ते जालन्याच्या हॉटेलात बघितलं, आपल्याकडं पायजे. राजानंद म्हणला, माझा दोस्त बनवतो, त्याला बोलवा. असा मी आलो.

पेज मी बनवलं, पण खरं सांगायचं तर अर्धं डोकं राज्याचं, म्हणजे राजानंदचं. मी बनवलेल्या पहिल्या पेजवर ऑर्डर आली की लगेच चिठ्ठी निघायची. दुपारी एकच्या गर्दीत एकदम चौदा चिठ्ठ्या निघाल्या आणि वंदनामावशी, ज्या भाकऱ्या करतात, त्यांनी पीठ भरल्या हातानं ते मशीनच बंद केलं. मंग राज्यानं मला स्टुलावर बसवून समजावून सांगितलं. भाजी थांबती, भाकरी थांबत न्हाई. तुझ्या मशीनला सांग, भाजी तयार झाली असं मी दाबल्यावर भाकरीची चिठ्ठी काढायची. मी तसं केलं. दुसऱ्या दिवसापासून एक भाकर गार गेली न्हाई. तिखटाचं पण त्यानंच सांगितलं. मी लिहिल्तं कमी, मध्यम, जास्त. तो म्हणला, इथं मध्यम कोण खातंय, लिही कमी, बराबर, जाळ. निम्मे लोक जाळ दाबायचे आणि नाक पुसत पुसत जेवायचे. सेलूहून, मंठ्याहून गाड्या यायच्या त्याच्या शेवभाजीला. काळ्या मसाल्यात तो काय घालायचा ते त्यानं मला पण सांगितलं न्हाई.

एक गोष्ट सांगायची राह्यली. हॉटेलात आचाऱ्याला नाव नसतं. कुणी उस्ताद म्हणतं, कुणी महाराज. गिऱ्हाइकानं भाजी कुणी केली विचारलं की कल्याणभाऊ म्हणायचे, आत महाराज हायत आमचे. गिऱ्हाईक खुश. मला वाटायचं, ही बोलायची पद्धत हाय.

आता बटनाचं.

पैसे मोबाइलवर यायला लागले आणि बडीशेपच्या ताटलीत दहा-वीस ठेवायचं लोकांनी बंद केलं. कोण ठेवणार, खिशात नोटच न्हाई. ती ताटली संध्याकाळी किचनमध्ये यायची आणि राज्या तिचे वाटे करायचा. वाढायचं काम करणारे भागवतकाका, वंदनामावशी, भांडेवाली, स्वतः तो. महिनाभरात ताटली रिकामी झाली. भागवतकाका मला एक दिवस म्हणले, मच्छिंदर, तुझा स्टिकर लई हुशार हाय बाबा, मालकाचे बराबर देतो आणि आमचे गिळतो. हसून म्हणले, पण मला लागलं. मी घरी येऊन बिलाच्या खाली एक नवं बटन टाकलं. 'किचनला बक्षीस'. वाटे राज्याच करायचा म्हणून त्याचाच यूपीआय नंबर टाकला. तो माझ्या मोबाइलमध्ये होताच, आम्ही एकमेकांना रिचार्जचे पैसे टाकायचो. बटनाच्या वर एक ओळ लिहिली, आजचं जेवण राजानंदच्या हातचं. भाऊंना म्हणलं, बक्षिसाचं बटन टाकलंय, ते म्हणले टाक, आपल्या खिशातून थोडीच जातंय.

राज्याला सांगितलंच न्हाई. म्हणलं, पैसे यायला लागले की मोबाइल वाजंल, मंग कळंल. गंमत.

शनिवारी संध्याकाळी चालू केलं. रविवारी दुपारी मी मुद्दाम काउंटरला जाऊन बसलो, त्याचं तोंड बघायला. पहिले वीस आले. मंग पन्नास. त्यानं किचनच्या खिडकीतून मला मोबाइल दाखवला आणि भुवया उडवल्या. मी बटनाचं सांगितलं. तो म्हणला, येडा हायस तू, आणि परत कढईकडं वळला. पण हसला होता. ते मी बघितलं.

सात नंबरला आठ जण होते. लग्नाचा बस्ता बांधून आलेली मंडळी. त्यातले मोठे गृहस्थ महिन्यातून एकदा तरी यायचेच. त्या दिवशी शेवभाजी दोनदा मागवली, भागवतकाकांना म्हणले, महाराजांना सांगा, आज हात जोडले. बिल भरलं. मंग त्यांना ते बटन दिसलं. भल्या मनानं दाबलं. त्यांना पन्नास रुपये द्यायचे होते. स्क्रीनवर नाव आलं, इंग्रजी मोठ्या अक्षरात, बँकेत असतं तसं. आधी त्याचं, मंग बापाचं, मंग आडनाव. ते घरच्यांना वाचून दाखवायला लागले. राजानंद म्हणले मोठ्यानं. बापाचं नाव म्हणले जरा हळू. आडनावाला आवाजच निघाला न्हाई.

आडनाव मी इथं लिहीत न्हाई. लिहिलं तर तुम्ही पण तेच करणार, आधी ते वाचणार, मंग बाकीचं.

त्यांनी मोबाइल शेजारच्याला दाखवला. शेजारच्यानं पुढं.  एका सुनेचं जेवण अजून चालू होतं, हातातला घास तिनं ताटात ठेवला. त्यांनी भागवतकाकांना बोलावून विचारलं, आचारी नवीन हाय का. काका म्हणले, न्हाई, दोन वर्षं झाले, तुम्ही यायला लागले तवापासून हेच. ते उठले. बेसिनवर तिघं-चौघं ओळीनं चुळा भरत होते, लई वेळ. कुणी भांडलं न्हाई, कुणी आवाज चढवला न्हाई. बिल तर भरलेलंच होतं. पन्नास रुपये तेवढे राह्यले.

मला पाच मिनिटांपूर्वीपर्यंत त्या माणसाचा राग यायचं काही कारण नव्हतं. चांगला माणूस होता. हेच माझ्या डोक्यातून जात न्हाई.

सात नंबरची ताटं आत गेली, भाज्या उरलेल्या. राज्या खिडकीशी आला. परत काहून आलं, म्हणला. मला तवाच सांगायला पायजे होतं. माझ्या तोंडातून निघालं, मीठ जास्त झालं असंल.

त्यानं कढईतली भाजी हातावर घेऊन चाखली. परत चाखली. मला म्हणला, मला तर बराबर लागून राह्यलं. मंग वंदनामावशींना चाखायला दिली.

सोमवारची चाळीस ताटांची एक ऑर्डर होती, कुणाच्या तरी बारशाची. संध्याकाळी त्यांचा फोन आला, घरीच करू म्हणले. सोमवारी सकाळी परतूरच्या एका ग्रुपवर फोटो आला. बक्षिसाचं बटन दाबल्यावर यूपीआयचं जे पान उघडतं त्याचा स्क्रीनशॉट. शेऱ्यात हॉटेलचं नाव, खाली राजानंदचं पूर्ण नाव, आणि आडनावाभोवती लाल गोल. खाली एक शब्द लिहिला न्हाई कुणी. लिहायची गरज न्हाई वाटली. ज्याला कळायचं त्याला गोल पुरला. सतरा जणांनी अंगठा दिला. त्यात माझ्या वर्गातले दोघं होते, जे राज्याच्या डब्यातलं खाऊन मोठे झाले.

दुपारी कल्याणभाऊंनी बोलावलं. लिंबाखाली खुर्च्या टाकल्या होत्या. चहा सांगितला. मंग म्हणले, "मच्छिंदर, तू आपला हायस म्हणून समजावून सांगून राह्यलो."

"आपला म्हणजे काय, भाऊ?"

"आता ते पण फोडून सांगू का तुला?"

मंग सांगत बसले. ते बटन हॉटेलच्या खात्याला जोड. राजानंदचं नाव काढ, तिथं महाराज लिही. एखाद्या फेटेवाल्या बुवाचा फोटो मिळाला तर तो पण टाक. राजानंदला ते पंधरा दिवस सुट्टीवर पाठवणार, पगार देऊन, आणि परत आला की मागच्या शेडमध्ये चूल टाकून देणार, खिडकी बंद. मी म्हणलं, भाऊ, त्याची चूक काय. ते म्हणले, चूक कुणाचीच न्हाई. मला विचारशील तर मी दोन वर्षं घरचं सोडून त्याच्या हातचं खाऊन राह्यलो, त्याचं आधार कार्ड मी पहिल्या दिवशीच बघितलंय. पण हॉटेल माझ्या तोंडावर चालत न्हाई.

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून म्हाईत होतं. महाराज ही बोलायची पद्धत नव्हती. झाकण होतं.

मी म्हणलं, "ह्याच्यावर केस होऊ शकती, भाऊ. कायदा हाय."

"कर ना. कुणावर करशील? शिवी दिली कुणी? नको म्हणलं कुणी? सगळ्यांनी बिलं भरले. केस काय त्या लाल गोलावर करशील?" मंग आवाज खाली आणून म्हणले, "मी वाईट माणूस न्हाई रे. नऊ जणांचं पोट हाय ह्या हॉटेलवर. त्याचं पण हाय."

इथं मी उठून जायला पायजे होतं. सिनेमात उठून जातात. मी चहा पिलो, लॅपटॉप उघडला आणि नाव बदललं. अर्धा मिनिट लागला. आचारी ह्या रकान्यात राजानंद होतं तिथं महाराज केलं, यूपीआय काढून हॉटेलचा टाकला. फोटो तेवढा टाकला न्हाई, म्हणलं नंतर बघू. मनाशी म्हणत होतो, राज्याची नोकरी तरी टिकंल. ते खोटं होतं. भाऊंनी मला मस्तगडच्या एका हॉटेलवाल्याशी बोलून ठेवतो म्हणून सांगितल्तं, त्यांचा साडू, तिथलं काम मला पायजे होतं. जालन्यातलं पहिलं काम. हे पण लिहून टाकतो, न्हाईतर ह्या लिहिण्याला अर्थ न्हाई.

मंगळवारी दुपारी भाऊंनी त्या फोटोसाठी परत बोलावल्तं. मी काउंटरला होतो. राज्याला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं, भाऊ म्हणले संध्याकाळी सांगतो. आणि मी जे बदललं, ते कुठं कुठं छापून येतं हेच मी विसरलो. आचारी हा रकाना मीच किचनच्या चिठ्ठीवर पण टाकला होता, सुरुवातीला, हौसेनं. प्रत्येक चिठ्ठीच्या डोक्यावर त्याचं नाव यायचं. चार महिने आलं. सोमवारी रात्री हॉटेल बंद असतं, म्हणून बदललेली पहिली चिठ्ठी त्या दुपारी निघाली, टेबल तीन, पिठलं, जाळ. आणि वर, आचारी: महाराज.

तो चिठ्ठी घेऊन खिडकीशी आला. हे कोण, म्हणला. मी काही बोलायच्या आत भागवतकाका मधे आले. त्यांनी आपला मोबाइल काढून त्याच्यासमोर धरला, लाल गोलवाला फोटो. काकांना ते सहन होत नव्हतं वाटतं. राज्यानं फोटो बघितला. बोटांनी मोठा करून बघितला. मंग काकांना मोबाइल परत दिला आणि मला विचारलं, "रविवारी मीठ बराबर होतं ना?"

मी मान हलवली.

"तोंडानं सांग."

"बराबर होतं," मी म्हणलं.

"दोन दिवस मी मिठाचा डबा बदलून बघितला. वंदनामावशीला दहादा चाखायला लावलं. म्हणलं, आपला हात गेला." एवढंच म्हणला आणि आत गेला.

मला वाटलं आता निघून जाईल. तो गेला न्हाई. तेवढ्यात गर्दी झाल्ती, अकरा चिठ्ठ्या लटकल्या होत्या. त्यानं त्या अकरा केल्या, एकेक. प्रत्येक भाजी झाली की 'तयार' दाबायचा, भाकरीची चिठ्ठी निघायची, वंदनामावशी डोळे पुसत भाकर टाकायच्या. मधे तीन नव्या आल्या, त्या पण केल्या. शेवटची बारा नंबरची होती. ती गेल्यावर त्यानं गॅस बंद केला, कढई घासायला टाकली न्हाई, स्वतः घासली. हात धुतले. भाऊ काउंटरवरून उठले, राजानंद, ऐक तर, म्हणले. तो म्हणला, भाऊ, तुमचे महाराज आले की त्यांना सांगा, काळा मसाला संपत आलाय. आणि गाडीला किक मारून गेला.

भाऊंनी दुसऱ्या दिवशी जालन्याहून एक आचारी आणला. त्याची शेवभाजी लाल आणि गोडसर. सेलूच्या गाड्या एक-दोनदा आल्या आणि बंद झाल्या. आणि मला ज्यानं येड लागायची पाळी आली ते सांगतो. आचारी बदलला कळल्यावर शुक्रवारी ते सात नंबरवाले गृहस्थ परत आले. दोघंच. भाजी खाल्ली आणि भागवतकाकांना म्हणले, चव पहिली न्हाई राह्यली. काका म्हणतात, मी मालक असतो तर ताट त्यांच्यासमोरून उचललं असतं. मी तिथं नव्हतो. बरं झालं नव्हतो.

शनिवारी भाऊंचा फोन. त्याला आण, म्हणले. तुझा दोस्त हाय, तुझं ऐकंल. दोन हजार वाढवून देतो. मागची शेड पक्की करून देतो, पंखा लावून. नाव तेवढं राहू दे महाराज. त्याला काय फरक पडतो, पैसे तर येतात.

मी म्हणलं, विचारून बघतो. परत तेच. न्हाई म्हणायला माझी जीभ उचलंना.

रविवारी सकाळी त्याच्या घरी गेलो. सत्यशीलाकाकू, राज्याची आई, दारातच शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मला खालून वर बघितलं. "या मच्छिंदर. आज कोणतं बटन आणलं?" मी खाली बघत आत गेलो.

राज्या भिंतीला टेकून वहीत काही लिहीत होता. मी भाऊंचं सगळं सांगितलं, दोन हजार, शेड, पंखा.  संपल्यावर तो म्हणला, पंखा कोणत्या कंपनीचा?  मंग म्हणला, कल्याणभाऊचा मला राग न्हाई एवढा. त्यांना मी ओळखून होतो. आडनाव विचारणाऱ्याला मी दहा वर्षांचा असल्यापासून ओळखतो. त्यांच्याशी कसं वागायचं ते मला येतं. तुझ्याशी कसं वागायचं ते येत न्हाई.

मी म्हणलं, राज्या, मी तुझ्या भल्यासाठी—

"ऐक," तो म्हणला. "तू माझं नाव टाकलं, मला विचारलं न्हाई. काढलं, तवा पण विचारलं न्हाई. मधे मिठाचं खोटं बोलला. तिन्ही वेळा माझा नंबर तुझ्या खिशात होता."



मी सॉरी म्हणलो. त्यानं वही माझ्याकडं सरकवली. तिच्यात आकडे नव्हते, मला वाटलं होतं असतील. एका शटरचा नकाशा काढला होता पेन्सिलनं. परतूर स्टेशनच्या रस्त्याला, आडत दुकानांच्या अलीकडं. चार टेबलं, एक चूल पुढं, रस्त्यावरून दिसंल अशी. वंदनामावशी येणार म्हणल्यात. भागवतकाका विचार करतो म्हणले. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून. आणि पाटी. पाटीवर काय लिहायचं ते पण त्यानं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. पूर्ण नाव. त्याचं, बापाचं, आडनाव. खाली शेवभाजी-भाकरी.

मी वाचलं आणि माझ्या तोंडातून काय निघालं सांगू? म्हणलं, सुरुवातीला नुसतं राजानंद ठेवायचं का, जम बसंपर्यंत.

तो हसला. चांगलं हसणं नव्हतं. बघ, म्हणला, परत.

 सात नंबरच्या माणसावर मी आठ दिवस जळत होतो, त्या सतरा अंगठ्यांवर, कल्याणभाऊवर. आणि लाल गोल माझ्याच हातात होता. मी तो जरा सभ्य करून काढत होतो, एवढंच.

मी तिथंच बसून भाऊंना फोन लावला. राजानंद येणार न्हाई म्हणून सांगितलं, आणि पेजचं काम पण ह्याच्यापुढं माझ्याकडं न्हाई, पासवर्ड पाठवतो, तुमचं तुम्ही बघा. ते म्हणले, मस्तगडचं काम गेलं समज. समजलं, म्हणलो. राज्यानं काही शाबासकी दिली न्हाई. द्यायला नको पण होती. हे मी सोमवारी करायचं, रविवारपर्यंत थांबलो. ते पेज अजून चालू हाय. तिथं अजून लिहिलेलं असतं, आचारी: महाराज. असा माणूसच न्हाई कुठं.

मंग काकूंनी चहा आणला. राज्या म्हणला, ऑर्डरचं पेज मला पण लागणार. चार टेबलं असली तरी भाकरीचं गणित तेच हाय. तू बनव. फुकट न्हाई, सगळ्यांकडून घेतोस तेवढे घे. बँकेचा माणूस क्यूआर देऊन गेलाय, त्याच्यावर पैसे भरताना माझं पूर्ण नाव येणारच, येऊ दे. पाटी वाचूनच माणूस आत येईल, बिल भरताना दचकायचं कारण न्हाई त्याला. ज्याला दचकायचं त्यानं रस्त्यावरच दचकावं, माझी भाजी तरी वाया जाणार न्हाई.

"पण एक हाय," तो म्हणला. "माझ्या नावाला तू हात लावायचा न्हाई. चांगल्यासाठी न्हाई आणि वाईटासाठी पण न्हाई."

न्हाई लावणार म्हणलो.

"जल्दी म्हणू नको. उद्या महिनाभर कुणी आलंच न्हाई. चूल थंड. भाडं डोक्यावर. आणि मीच एक दिवस कंटाळून तुला फोन केला, मच्छू, काढ ते आडनाव, नुसतं राजानंद ठेव. तर काय करशील?"

 काढीन म्हणावं तर परत मीच काढणार. न्हाई काढणार म्हणावं तर त्याच्या चुलीचा फैसला मी कोण करणार.  

"तर मी लॅपटॉप घेऊन येईन आणि तुझ्यासमोर ठेवीन," मी म्हणलं. "ते पेज तुझ्या नावावर राहील, पासवर्ड तुझ्याकडं राहील. कसं बदलायचं ते मी तुला उद्यापासूनच शिकवतो. ठेवलं तरी तू ठेवशील, काढलं तरी तुझ्या बोटानं काढशील, आणि तू काय केलं ते मी कुणाला विचारणार न्हाई, तुला पण न्हाई. पण मी काढणार न्हाई, राज्या. तू हात जोडले तरी न्हाई. शब्द देतो."